एका टेबलाचे तीन पापुद्रे

पापुद्रे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव चारचौघांसारखं साधं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. वखारीतल्या हमालापासून सासुरवाडीपर्यंत सगळे त्यांना पापुद्रेच म्हणत. नाव पडलं ते कामावरून. कठीण लाकडाची जाडजूड फळी घ्यायची, कडेवर उभी करायची आणि पाव चिरावा तशी जाडीतून चिरून एकीच्या दोन, दोहोंच्या चार करायच्या, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसरा सुतार जिथे कपाटाचं एक दार काढी, तिथे पापुद्रे दोन काढत, आणि वर हळहळत, "अजून एक निघालं असतं हो, पण पातं जाड पडलं."

भुसा त्यांना बघवत नसे. इतर सुतार भुसा झाडून टाकतात. पापुद्रे आधी तो चिमटीत धरत, बोटांनी चोळत आणि घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करत. "याला भुसा म्हणू नका," ते गिऱ्हाइकाला सांगत, "ही फळीच आहे. पीठ झालेली." लोक पाहुण्यांना मुलांचे फोटो दाखवतात, पापुद्रे नवं पातं दाखवत. "बघा, कसं कागदासारखं आहे. उजेडाकडे धरा. नाही, नाही, हात नका लावू!"

हा नाद कारखान्यातच राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण कारखाना खाली आणि बिऱ्हाड वर, मध्ये फक्त एक जिना. हळूहळू नाद जिना चढला. पलंगाची पाठ चिरून तिच्यातून फडताळाच्या दोन फळ्या निघाल्या. बसायच्या बाकाचे दोन बाक झाले आणि दोन्हींवर जपून बसावं लागू लागलं. पुढचं दार तर इतकं पातळ झालं की पोस्टमनने टकटक केली की ढोलकी वाजल्यासारखी वाटे आणि शेजारचे डोकावून बघत. बायको एकदा पाहुण्यांसमोरच म्हणाली, "या घरात जाड म्हणावं असं आता काही राहिलं नाही. यांची कातडी तेवढी सोडली तर."

बायको इस्पितळाच्या टेलिफोनवर कामाला होती. दिवसभर डझनभर वॉर्डांशी, चिडलेल्या डॉक्टरांशी आणि रडवेल्या नातेवाइकांशी बोलायचं, कुणाचा फोन कुणाला जोडून द्यायचा. आवाज गोड आणि खणखणीत. घरी मात्र या कथेच्या वेळी तिने तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि त्याचं कारण होतं भाजी चिरायची फळी.

फळी तिच्या आईची होती. चांगली मनगटाएवढी जाड, काळपट, मधे वापरून किंचित खोलगट. एके दिवशी ती कामावर गेलेली असताना पापुद्र्यांना ती ओट्यावर दिसली. एवढ्या जाडीचं भाजीला काय काम, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांच्या मनात असा विचार आला की पुढचं सगळं हातच करत. संध्याकाळपर्यंत फळीच्या दोन फळ्या झाल्या. एक त्यांनी ओट्यावर परत ठेवली. दुसरी, काटकसरीने का होईना पण भेट द्यावी म्हणून, आपल्या बहिणीला देऊन टाकली.

बायकोने गाजर चिरायला घेतलं तर गाजर आपलं आपण चालू लागलं. फळी वाकून पन्हाळीसारखी झाली होती, सुरी लावली की टक्‌ टक्‌ डुलत होती. एवढं एक वेळ चाललं असतं. पण पुढच्याच आठवड्यात ती नणंदेकडे गेली, तर तिथे भिंतीवर, फुलं रंगवून, तिच्या आईच्या फळीचा उरलेला अर्धा भाग टांगलेला. "दादाने दिलाय," नणंद कौतुकाने म्हणाली, "जुनं लाकूड आहे म्हणे कुठलंसं."

त्या दिवसापासून बायको पापुद्र्यांशी बोलेनाशी झाली. बोलायची ते वस्तूंशी. सकाळी किटलीला म्हणायची, "चहा झालाय. ज्याला हवा त्याने ओतून घ्यावा." पापुद्रेही किटलीलाच उत्तर द्यायचे, "घेतो म्हणावं." अशा रीतीने त्या घरात किटली, कंदिलाची काच आणि जिन्याचा कठडा यांचं मत विचारूनच सगळं चालू होतं.

अशात एक दिवस कारखान्याच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून एक टेबल उतरलं.

टेबलामागून एक म्हातारी उतरली. सडसडीत, ताठ, हातात काठी, पण ती टेकायला नव्हे, बोट दाखवायला वापरत होती. तिच्यामागून दोन जण उतरले, दोघेही पन्नाशीला आलेले आणि दोघेही फुगलेले. एक तिचा मुलगा, औषधाच्या दुकानाचा मालक. दुसरी मुलगी, मोटार चालवायला शिकवणारी. टेम्पोत दोघांनी मधे आईला बसवलं होतं ते आदराने नव्हे.

"पापुद्रे तुम्हीच का?" म्हातारी म्हणाली. "हे टेबल कापायचंय. मी मोठं घर सोडून लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत जातेय. तिथे हे मावत नाही. आणि या दोघांनाही हे पाहिजे. दोघांनाही, आणि अख्खं."

"मावशी, पण टेबल कापायचं म्हणजे..."

"आत्ता कापायचं, माझ्या देखत. मी गेल्यावर भांडतील तर मला ऐकू यायचं नाही."

पापुद्र्यांनी वरचं फडकं बाजूला केलं आणि त्यांच्या घशातून विचित्र आवाज निघाला. टेबलाचं पाट, म्हणजे वरचा भाग, एकाच फळीचं होतं. एकाच! पावणेदोन हात रुंद, माणूस आरामात आडवा होईल इतकं लांब, दोन इंचांहून जास्त जाड. म्हातारीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. एक जुनी बँक पाडताना तिथला काउंटर त्याने उचलून आणला होता आणि त्याला चार पाय लावले होते. त्यावर घर जेवलं, मुलांनी अभ्यास केला, कोपऱ्यात बसून नवऱ्याने लोकांची घड्याळं उघडली. पापुद्र्यांनी बोटाच्या पेराने पाट ठोकलं, कान लावला, वास घेतला.

"मधोमध कापून टाका," मुलगा म्हणाला. "अर्धं मला, अर्धं तिला."

"अर्ध्या टेबलाचं मी काय करू?" मुलगी म्हणाली. "एक दिवसाआड जेवू?"

पापुद्र्यांनी डोळे मिटून घेतले. एवढी लांब फळी मधून आडवी तोडायची हे त्यांच्याच्याने ऐकवलं नाही. "लांबी कापायची नाही," ते म्हणाले, "आणि रुंदीलाही हात लावायचा नाही."

"मग कापायचं काय?"

पापुद्र्यांनी दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडले आणि हळूच उघडले. "जाडी. दोघांनाही अख्खं टेबल. लांबी तीच, रुंदी तीच."

मुलीला मोटार शिकवण्याच्या धंद्यामुळे माणसांवर चटकन विश्वास ठेवायची सवय नव्हती. "आणि वजन?"

"वजन थोडं कमी भरेल."

"तरी म्हटलं!"

पण म्हातारीला ते पटलं. पापुद्र्यांनी एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्यांची नजर पुन्हा त्या जाडीवर गेली आणि जीभ सैल सुटली. "दोनच कशाला? यातून मी तीन काढून देतो."

"तिसरं कोणाला?" भावाबहिणीने एकदमच विचारलं. कित्येक दिवसांत त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

म्हातारीने काठीने फळीची कड टोकली. "निघतंय तर काढा. आत ठेवून काय करायचंय?"

मंडळी गेली. पापुद्रे शीळ घालत मशीनकडे वळले, आणि शीळ अर्ध्यावर राहिली. त्यांच्या बँडसॉचं, म्हणजे विजेच्या करवतीचं, तोंड जेमतेम दीड वीत. फळी त्याच्या दुपटीहून रुंद. जीभ पुढे निघून गेली होती आणि मशीन मागे राहिलं होतं.

शहाण्या सुताराने फळी उभी चिरून दोन अरुंद पट्ट्या केल्या असत्या, त्या मशीनमधून काढल्या असत्या आणि पुन्हा सरसाने जोडल्या असत्या. पापुद्र्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण म्हणजे प्रत्येक पाटावर मधोमध सांधा, आणि त्या चिरण्यात वाया जाणारा भुसा वेगळाच. त्यांनी अख्खं पाट कबूल केलं होतं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर त्यांच्या उस्तादांची जुनी करवत टांगलेली होती. लाकडी चौकट, दाराच्या झडपेएवढी, आणि तिच्या मधोमध ताणून बसवलेलं लांब पातं. चौकटीच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस लागतो. एकाने ओढायचं, मग दुसऱ्याने. ढकलायचं कोणीच नाही. पापुद्र्यांनी तिच्या दातांना कानस मारली, पातं ताणून टिचकी दिली, आणि दुसऱ्या माणसाच्या शोधात बाहेर पडले.

पहिला माणूस म्हणजे शेजारचा वेल्डर. दंड बघावेत तर मांडीएवढे. एका टाकाऊ फळीवर दोघांनी सराव सुरू केला. वेल्डर ओढायचा छान, पण पापुद्र्यांची पाळी आली की मदत म्हणून ढकलायचाही. पातं धनुष्यासारखं वाकून फळीत रुतलं.

"ढकलू नका हो!"

"मदत करतोय!"

"मदत करू नका, नुसतं सोडून द्या!"

"मग माझी पाळी नसताना मी काय करायचं?"

"काही नाही. माझ्यावर सोडायचं."

"हे आपल्याला जमायचं नाही," असं म्हणून वेल्डर खांदा चोळत निघून गेला. मग औषधवाल्या मुलाने स्वतःहून फोन केला की मी येतो, पण तो फोनवरच इतका वेळ कसं कापावं हे समजावत राहिला की पापुद्र्यांनी गोड बोलून नको सांगितलं.

संध्याकाळी ते फळीसमोर स्टूल टाकून बसले होते. जिन्यावर पावलं वाजली. बायको खाली आली, कामावरून आलेली, हातात पाण्याचा तांब्या. तिने तांब्या ठेवला आणि सरसाच्या डब्याकडे बघत म्हणाली, "शेजारचा वेल्डर मघाशी सगळ्यांना सांगत होता की कुणाला तरी करवतीला माणूस मिळत नाहीये."

पापुद्रे डब्याला म्हणाले, "नाहीच मिळत म्हणावं."

"दिवसभर मी फोनची बटणं दाबते," ती डब्याला म्हणाली, "म्हणून कुणाला वाटत असेल की माझ्या हातात जोर नाही."

"असं कुणी म्हटलेलं नाही."

"उद्या सुट्टी आहे मला," असं डब्याला कळवून ती वर गेली.

दुसऱ्या दिवशी फळी घट्ट धरायच्या शिकंज्यात उभी केली, डोक्याच्याही वर. पापुद्र्यांनी तिच्या चारी कडांना सुरीच्या टोकाने बारीक रेघा मारल्या होत्या. एका कडेला ते उभे राहिले, समोरच्या कडेला बायको, दोघंही पेट्यांवर चढून. मधे फळी, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत, ही मोठीच सोय होती. पापुद्र्यांनी चौकटीला उद्देशून सांगितलं की फक्त ओढायचं असतं. चौकटीने ऐकलं असावं, कारण बायकोने पहिल्याच फेरीला असं अलगद ओढलं आणि असं अलगद सोडलं की पापुद्रे चकित झाले.

खर्र, खर्र, करवत उतरू लागली. भुसाही कसा, नाममात्र. पापुद्र्यांची रेघ पात्याखाली सुतासारखी सरळ सरकत होती. त्यांना मनातून गुदगुल्या व्हायला लागल्या.

पण या करवतीची एक खोड असते. प्रत्येकाला फक्त आपल्या बाजूची रेघ दिसते. आपण आपली रेघ साधायला चौकट जरा पिळली की समोरच्याची रेघ सुटते, आणि ती सुटली हे समोरच्याने सांगायचं असतं. सांगितलं तरच कळतं.

हातभर उतरल्यावर पापुद्रे घाम पुसायला थांबले, सहज फेरी मारून पलीकडे गेले आणि जागीच खिळले. बायकोच्या बाजूला पातं रेघ सोडून चांगलं पेन्सिलभर आत शिरलं होतं.

"अगं!" ते ओरडले. किती दिवसांनी त्यांच्या तोंडून ते 'अगं' निघालं होतं. "रेघ सुटलीये! दिसत नव्हती का तुला?"

"दिसत होती."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं की," बायको म्हणाली. "शिकंज्याला."

पापुद्र्यांनी शिकंज्याकडे बघितलं. शिकंजा गप्प होता.

"अगं, शिकंज्याला सांगून काय उपयोग? मला सांगायचं!"

"तुम्हाला सांगून तरी काय उपयोग होतो? तुम्ही चौकट पिळताय. तुमची बाजू सरळ आली म्हणजे सगळं सरळ, असंच असतं तुमचं. जन्मभर!"

"चल, धर. ओढ. आणि सुटली की बोल."

"बोलू? आता बोलायला सांगताय? बरं. ऐका तर मग."

आणि करवतीबरोबर भांडण सुरू झालं. गंमत अशी की भांडणालाही करवतीचीच लय आली. तिने ओढलं की तिचं वाक्य, त्यांनी ओढलं की त्यांचं. मधे घुसायला कुणालाच जागा नाही.

"माझ्या आईची फळी होती ती!" खर्र.

"एवढी जाड होती!" खर्र.

"मला जाडच हवी होती!" खर्र. "डावीकडे जाताय!"

"आलो, आलो. तू म्हणाली नाहीस कधी!" खर्र.

"तुम्ही विचारलंत कधी?" खर्र. "आणि दिली कुणाला, तर वन्संना!"

"तिला बिचारीला कुठे काय माहीत!" खर्र.

"भिंतीला लावलीये! फुलं काढून! माझी आई तिथे भिंतीला!" खर्र. "सरळ आहे, चालू द्या."

बराच वेळ असं चाललं. चीर अर्ध्याच्या खाली गेली, पेट्या बाजूला झाल्या, मग दोघं गुडघ्यावर बसली. चीर उघडी राहावी म्हणून पापुद्र्यांनी वरून पाचर ठोकली, कारण मोकळी झालेली वरची बाजू पात्यावर मिटायला लागली होती. ती पाचर ठोकता ठोकता ते खाली मान घालून म्हणाले, "तुझी फळी वाकली ती लाकडाची चूक नव्हती. चिरलं की आतला ओलावा उघड्यावर येतो, लाकूड अंग मोडतं. महिनाभर वजनाखाली पडू द्यायचं असतं. मी संध्याकाळीच ओट्यावर ठेवली, तू यायच्या आत. तुझ्या लक्षात येणार नाही असं वाटलं."

पलीकडून बायकोने फळीच्या कडेने डोकं बाहेर काढलं.

"लक्षात येणार नाही?" ती म्हणाली. "गाजर खाली पडून जिन्यापर्यंत गेलं हो!"

आणि तिला हसू फुटलं. ती अशी हसली की तिला करवत धरवेना. पापुद्रे आधी ओशाळले, मग त्यांना ते जिन्याकडे निघालेलं गाजर डोळ्यांपुढे दिसलं आणि तेही फळीला टेकून हसत बसले. वेल्डर काय झालं म्हणून दारात येऊन बघून गेला.

दुसरी चीर त्यांनी पुढच्या सुट्टीला घेतली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत आरशासारखी सरळ उतरली, कारण बायको रेघेवर एक डोळा ठेवून अखंड बोलत होती. तुंबलेलं पुष्कळ होतं. पापुद्रे हूं हूं करत ओढत होते.

तीन पाटं निघाली खरी. वरचं आणि खालचं झकास. मधलं मात्र पहिल्या चिरेने खाल्लं होतं. एका टोकाला ठरल्याइतकं जाड, दुसऱ्या टोकाला करंगळीहून बारीक. पापुद्र्यांनी ते किती वेळा उलटसुलट करून पाहिलं. तीनही पाटं त्यांनी मधे काड्या घालून एकावर एक रचली आणि वर वजन ठेवलं. वजन म्हणून दगड, पोती, मशीनची जुनी विजेची मोटर, आणि शनिवारी वर बसून चहा पिणारी बायको.

लाकूड विसावत असताना म्हातारी अधूनमधून चक्कर टाकायची. लाकूड बघायला आलेय म्हणायची आणि बायकोशी गप्पा मारत बसायची. तिच्या नवऱ्याला टेबलावर काहीही सांडलेलं चालत नसे, हे त्या गप्पांतून बाहेर आलं. स्क्रू हरवतात म्हणून घास जपून घ्यायचा, खोकायचं तर तोंड फिरवून. "माणूस चांगला होता हो," म्हातारी म्हणायची, "पण त्याच्या टेबलावर आपण बसलोय, असंच वाटायचं कायम."

शेवटी वजनं उतरली. पापुद्र्यांनी पाटांवर हलका रंधा फिरवला, पण वरच्या पाटाची वरची बाजू आणि खालच्याची खालची बाजू म्हातारीच्या सांगण्यावरून जशीच्या तशी ठेवली. मग भाऊ-बहीण आले. तिन्ही पाटं भिंतीला उभी होती.

"वरचं माझं," मुलगा ताबडतोब म्हणाला. त्यावर वडिलांच्या शाईचा डाग होता, त्यांच्या दिव्याने पडलेला काळा गोल होता.

"का म्हणून? माझे नव्हते का बाबा?" मुलगी म्हणाली. आणि सुरू झालं. ते चांगलंच रंगात आलं असताना पापुद्र्यांनी खालचं पाट उजेडाकडे फिरवलं. टेबलाची खालची बाजू त्या दोघांनी आजवर उजेडात पाहिलीच नव्हती. तिथे खडूने काढलेली जहाजं होती. दगडासारखे झालेले च्युइंगगमचे गोळे ओळीने चिकटवलेले होते. एक तीन पायांचा घोडा होता. आणि कोपऱ्यात मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'दादा गाडव आहे.'

दोघंही खाली बसली. पन्नाशीची माणसं, गुडघ्यांवर.

"ही जहाजं माझी," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज एकदम बदलला होता. "मला खालचं हवं."

"मघाशी तर वरचं म्हणत होतास!"

"आता खालचं म्हणतोय."

"हे मी लिहिलंय," मुलगी अक्षरांवर बोट ठेवत म्हणाली. "माझं अक्षर आहे. म्हणून माझं."

"पण गाढव मी आहे ना!"

पापुद्र्यांच्या बायकोने पदर तोंडाशी नेला. म्हातारीने काठी आपटली. "गाढव तू आहेस हे तिने तेव्हाच ओळखलं होतं, म्हणून हे तिचं. जहाजांचा फोटो काढून घे. वरचं तुझं. बाबा तुला घड्याळ उघडून दाखवायचे, तिला नाही."

मुलाने विचार केला. वरच्या पाटावरच्या काळ्या गोलावर त्याने हात ठेवला आणि मान हलवली. एवढ्या दिवसांचं भांडण असं मिटलं, आणि मिटल्यावर दोघांनाही जरा चुकल्यासारखं वाटायला लागलं.

"आणि हे मधलं?" मुलीने विचारलं. "ते भंगारात?"

पापुद्रे पुढे झाले. कबूल करणं त्यांना जड जात होतं. "मावशी, ते बिघडलंय. एकीकडे जाड, एकीकडे बारीक. तिरकं चिरलं गेलं. चूक माझी."

"आमची," बायको म्हणाली.

म्हातारी मधल्या पाटाशी गेली. त्यावर काहीच नव्हतं. ना डाग, ना ओरखडा, ना कुणाचं नाव. नुसत्या लाकडाच्या तांबूस रेषा, पाण्यावर वारा सुटावा तशा. तिने तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे माझं," ती म्हणाली.

"आई, त्यावर काहीच नाहीये गं," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच. वरचं तुझ्या बाबांचं, खालचं तुम्हा दोघांचं. मी आपली जन्मभर फडक्याने पुसत आले. हे मी अजून एकदाही पुसलेलं नाही." ती पापुद्र्यांकडे वळली. "बारीक बाजू कापून टाका. उरेल त्याचं चौकोनी टेबल करा, चार माणसं बसतील असं. मला पत्ते खेळायचेत."

"पत्ते?" दोन्ही मुलं म्हणाली.

"का? लाँड्रीवाली खेळते, तिची सासू खेळते, समोरची दाताची डॉक्टर खेळते. मलाही येतात. तुमच्या बाबांना माहीत नव्हतं."

बारीक बाजू कापून टाका, हे शब्द पापुद्र्यांच्या काळजात घुसले होते. एवढं मोठं लाकूड टाकायचं! ते तोंड उघडणार एवढ्यात बायको म्हणाली, "टाका." आणि, कधी नव्हे ते, त्यांनी ऐकलं. टेबलाचे पाय किती जाड असावेत यावरही बायकोचंच चाललं. टेबल असं झालं की त्यावर हत्ती उभा राहावा. पापुद्रे लोकांना सांगत, "पाय माझे नाहीत, तिचे आहेत."

टेबल पोचवायला दोघंही गेली. लाँड्रीच्या बाजूचा जिना अरुंद, वाफेने ओला. वरच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडलं. लाँड्रीवाली आणि तिची सासू तयारच बसल्या होत्या. दाताच्या डॉक्टरणीचा निरोप आला की कुणाचा तरी दात मधेच अडकलाय, उशीर होईल.

"बसा हो पापुद्रे," म्हातारी पत्ते पिसत म्हणाली. "चौथा हात हवा."

पापुद्रे बसले. बायको त्यांच्या मागे उभी राहून पानं बघत होती. हुकूम इस्पिकचा, आणि त्यांच्या हातात आली होती चिक्कार इस्पिकं, राजा धरून. कुणालाही हेवा वाटावा अशी पानं. पहिला हात सासूने केला. दुसरा लाँड्रीवालीने. पापुद्रे हलकी हलकी पानं टाकत राहिले. तिसऱ्याला बायकोने त्यांच्या खांद्याला ढोसलं. त्यांनी मान हलवली. एवढ्याशा एका हातासाठी राजा कोण खर्च करतं? चौथाही गेला. म्हातारी त्यांची भिडू, तिच्या कपाळावर आठ्या चढत चालल्या. समोरच्या दोघी एकेक हात करत राहिल्या, आणि पापुद्रे हुकूम छातीशी धरून योग्य वेळेची वाट बघत राहिले.

शेवटी हातात इस्पिकंच उरली, तेव्हा त्यांनी मोठ्या दिमाखात राजा टेबलावर आपटला. सासूने शांतपणे त्यावर एक्का ठेवला.

"अहो, हुकूम काय मुरत घातले होते?" म्हातारी कडाडली.

"वाया जायला नकोत म्हणून..." पापुद्रे पुटपुटले.

"उठा!" बायको म्हणाली. त्यांना हाताला धरून तिने उठवलं, स्वतः खुर्चीवर बसली आणि पत्ते पुढे ओढले. "मावशी, मी तुमची भिडू. वाटा."

पापुद्रे खिडकीत जाऊन उभे राहिले. मागे पानं आपटल्याचे आवाज, बायकोचा खणखणीत आवाज, "घ्या, हा गेला! हाही गेला!" आणि म्हातारीचं खोकत खोकत हसणं. खोकताना तिने तोंड फिरवलं नाही. डॉक्टरीण आली तरी कुणी उठेना, म्हणून तीही स्टूल ओढून बघत बसली. परतताना अंधार पडला होता आणि बायको जिंकलेल्या डावांची हकीकत सांगत होती, ती घर येईपर्यंत संपली नव्हती.